पाद्र्यांची पंगत

मासळीची पाटी डोक्यावर घेतलेली तुळसा कट्टा गावच्या बसथांब्यावर उतरली, की वाडीतली सगळी घरं घेत घेत शेवटी चिंदरकरांच्या गडग्याशी, म्हणजे घराभोवतीच्या दगडी कुंपणाशी, यायची. इतरांच्या दारात ती पाटी उतरवी, घासाघीस करी, वाटाव्याची म्हणून थोडी फुकटची मासळी वर टाकी. चिंदरकरांच्या दारात मात्र ती थांबायची नाही. चालता चालताच पाटीवरचा पाला जरा बाजूला सारायची आणि वाऱ्याला सांगितल्यासारखं म्हणायची, "आज इसवण आसा. तुमका सांगान काय उपेग नाय म्हणा."

ओटीवर वर्तमानपत्र घेऊन बसलेले सहदेवराव मग ते वर्तमानपत्र डोळ्यांच्या अगदी जवळ न्यायचे. पण कागदाआडूनही त्या इसवणीचा, म्हणजे सुरमईचा, वास यायचा तो येतच असे.

गेलं दीड वर्ष या घरात मासळी शिजली नव्हती. म्हणजे चिंदरकरांनी माळ घातली होती असं नाही, की वैद्याने पथ्य सांगितलं होतं असंही नाही. सत्यवतीबाईंचा नवस होता, आणि तो फिटायचा होता.

सत्यवतीबाई उपासतापास करणाऱ्या. सोमवार, संकष्टी, एकादशी, प्रदोष. तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहाचा घोट नाही. सहदेवरावांची त्याला कधीच हरकत नव्हती. बायकोच्या पुण्यातला अर्धा वाटा कायद्यानेच आपला आहे, अशी त्यांची समजूत होती. पण दोन पावसाळ्यांपूर्वी त्यांना विषमज्वर झाला, ताप उतरेना, म्हणून घाटावरच्या एका मिशन इस्पितळात त्यांना नेऊन टाकलं. तिथे एक आवळे पाद्री होते. त्यांचं काम औषध देण्याचं नव्हे. रोग्याच्या उशाशी बसायचं, त्याला काही बोलायचं असेल तर ऐकायचं, नसेल तर नुसतं बसायचं. इस्पितळात यासाठी पगारी माणूस ठेवतात, हेच चिंदरकरांना नवीन होतं. आवळे पाद्री रोज संध्याकाळी यायचे, सहदेवरावांच्या कपाळावर हात ठेवायचे आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणून जायचे. ज्या रात्री डॉक्टरांनीही मान हलवली, त्या रात्री पाद्री उशाशी बसले ते उठलेच नाहीत. पलंगाच्या पलीकडल्या अंगाला सत्यवतीबाई बसल्या होत्या. त्यांनी हात जोडून आपल्या रामेश्वराला सांगितलं, "हे उठान बसांदेत. ह्या पाद्रीबाबांका आणि दुखणायतांच्या उशाकडे बसणाऱ्या तेंच्या भावबंदांका माझ्या दारात एका पंगतीक बसवन जेवक घालतलंय. पानावरसून एकय जण उपाशी उठूचो नाय. तवसर माझ्या चुलीर मासो चडूचो नाय."

सहदेवराव उठून बसले. हाडांवर मांस चढू लागलं, जिभेला चव आली, आणि ती चव आल्या आल्या तिने पहिल्यांदा बांगड्याचं तिखलं मागितलं. तेव्हा त्यांना नवसाची हकिकत कळली.

"सोडूचाच होता तर दुधी सोडूचो होतोस गो," ते कळवळून म्हणाले.

"आवडत नाय ता सोडला तर देव हसतलो," सत्यवतीबाई म्हणाल्या. आणि त्यांचं काही चुकलं होतं असं म्हणता येत नाही.

तसे आवळे पाद्री मधे एकदा येऊन गेले होते. एकटेच. वरणभात, वालीची भाजी, खीर असं पोटभर जेवले, दोघांना आशीर्वाद देऊन गेले. त्यांची बस वळणाआड जाते न जाते तोच सहदेवरावांनी तुळसाला उद्याचा निरोप धाडला होता. पण सत्यवतीबाईंनी मान हलवली. नवस भावबंदांसकट होता. आणि इस्पितळात तर हे एकच पाद्री. भावबंद आणायचे कुठून?

सहदेवराव मामलेदार कचेरीत हेडक्लार्क. भाषेतल्या फटी शोधण्यात सगळी हयात गेलेली. ते म्हणाले, "भावबंदच नाय आसत, तर ती अट आपसूक रद्द होता."

"तुमच्या कचेरीत होता रद्द?"

सहदेवरावांनी वर्तमानपत्र उचललं. त्यांच्या कचेरीत तशी एकही अट आजवर रद्द झाली नव्हती. ती रद्द करून घ्यायला येणाऱ्यांना त्यांनीच आपल्या हाताने परत पाठवलं होतं.

आणखी एक गोष्ट होती, ती सहदेवराव कुणाला सांगत नसत. इस्पितळातून आल्यापासून त्यांना साधा ठसका लागला, तरी सत्यवतीबाई हातातलं काम टाकून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहायच्या. ठसका थांबेपर्यंत बघायच्या आणि परत आत जायच्या. सहदेवरावांना वाटायचं, ही बायको उगाच भितरी झाली आहे.

त्या वर्षी गोवा नुकताच मोकळा झाला होता. फाल्गुन लागायच्या सुमाराला आवळे पाद्री पुन्हा एकदा एकटेच आले आणि ओटीवर बसून त्यांनी बातमी सांगितली. त्यांच्या इस्पितळात देशोदेशींच्या पाद्र्यांची परिषद भरणार होती. देवळातल्या पाद्र्यांची नव्हे, इस्पितळांतल्या. जे त्यांच्यासारखेच खाटेपाशी बसतात, तेच. एकाच येशूचे, पण निरनिराळ्या पंथांचे. सगळे मिळून नऊ, आणि ते स्वतः दहावे. मधल्या शुक्रवारी सुट्टी ठेवली होती. त्या दिवशी मंडळींना मालवणचा समुद्र दाखवायचा होता. "वाटेत कट्टा आहेच," आवळे पाद्री हसून म्हणाले, "आणि वहिनींचं माझ्याकडे काही येणं आहे, ते मी विसरलेलो नाही."

भावबंद! ते पण नऊ! सहदेवरावांनी गडग्यापलीकडे रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं. त्या क्षणी त्यांना त्या रस्त्यावरून तुळसा चालत येताना दिसली, आणि या खेपेला ती दारात थांबली.

पण आनंद फार टिकू नये असाच काही नियम असावा. सत्यवतीबाईंनी मंडळी काय जेवतील म्हणून विचारलं, आणि आवळे पाद्री बोटं मोजू लागले. दिवस शुक्रवारचा, त्यातून ईस्टरआधीचे उपासाचे दिवस. ब्राझीलहून येणारे फादर आन्सेल्मो रोमन पंथाचे, त्यांना मांस चालायचं नाही. केरळचे गीवर्गीस अच्चन — तिकडे पाद्रीबाबांना अच्चन म्हणतात — त्यांचा पन्नास दिवसांचा उपास चालू असायचा; त्यात मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, दूध, दही, तूपसुद्धा नाही. एक अमेरिकन होते, ते बारा महिने मांसाला शिवत नसत आणि चहा-कॉफीला विषासारखं मानत. जर्मन पाद्र्यांना पोटात व्रण, मिरचीचा कण लागला तरी आडवे होत. बाकीचे काहीही खातील, पण इंग्लंडचे जे वडीलधारे पाद्री होते ते सभ्यपणामुळे काय आवडलं नाही हे कधीच सांगायचे नाहीत, तेव्हा त्यांच्याकडे विशेष लक्ष ठेवावं लागेल.

सहदेवरावांनी पंचांग काढलं. शुक्रवारी एकादशी होती. म्हणजे चुलीवर भातही नाही.

ही बातमी शेजारच्या कृष्णाबाईंपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. कृष्णाबाईंचा भाचा मुंबईला कुणा साहेबाकडे बटलर होता, आणि त्या जोरावर त्या सगळ्या विलायतेबद्दल अधिकाराने बोलत. "अरे सहदेवा, सायबाचे पाद्री ते. तेंका कोंबो व्हयो, पाव व्हयो. आणि जेवणाच्या शेवटाक बशयेत एक पिवळा थरथरणारा कायतरी देतत. ता नाय दिला तर ते उठणतच नाय." थरथरणारं काय ते त्यांना सांगता येईना, हाताने मात्र त्यांनी ते इतकं हुबेहूब करून दाखवलं की सहदेवराव बघूनच धास्तावले. शिवाय खुर्च्या हव्यात, काटेचमचे हवेत, आणि परसाकडेची सोय बघायला हवी, हेही त्यांनी सांगून टाकलं.

सहदेवरावांना रात्री झोप येईना. सकाळी ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जाऊन बसले आणि हिशेब करू लागले: हे नाही, ते नाही, तेही नाही, मग राहिलं काय? सत्यवतीबाई रताळी धूत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर काळजीचं नाव नव्हतं.

"म्हंजे सगळ्यांचो उपासच आसा मगे," त्या म्हणाल्या. "तेंचोय उपास, माझोय उपास. एकाच चुलीर होतला. तूप नको तर खोबरेल घालतलंय."

वरीचे तांदूळ, कोकमं घालून दाण्याची आमटी, कच्च्या केळ्यांचे काप, गुळातली रताळी, मिरची वगळून सोलकढी, आणि शेवटी नारळाच्या रसात शिजवलेला साबुदाणा. तो गार झाला की थरथरतो. कृष्णाबाईंचं समाधान तिथे झालं. सहदेवराव आपल्या बायकोकडे बघतच राहिले. मग त्यांना वाटलं, बायको जेवणाचं बघते आहे, तेव्हा आपणही पुरुषासारखं काहीतरी बघायला हवं. आणि ते परवानगीच्या मागे लागले.

खरं तर परवानगीची गरज होती की नव्हती, हे आजही कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही. पण सहदेवराव सरकारी माणूस. नऊ परके पाहुणे एका दारात उतरणार आणि त्याचा कागद कुठे नाही, या विचारानेच त्यांना कसंतरी होई. ते फौजदारांकडे गेले. फौजदार आधी हसले, आणि ब्राझीलचे फादर पोर्तुगीज बोलतात असं कळल्यावर हसायचे थांबले. पोर्तुगीज गोव्यातून जाऊन तीन महिनेसुद्धा झाले नव्हते. आता या किनाऱ्यावर पोर्तुगीज बोलणारा माणूस येणार, आणि तो कशाला, तर वरीचा भात खायला? फौजदारांनी मामलेदारांचं पत्र आणायला सांगितलं. सहदेवरावांनी अर्ज लिहिला. अर्ज योग्य मार्गाने जावा लागतो, आणि मामलेदारांकडे जाणाऱ्या अर्जांचा योग्य मार्ग हेडक्लार्कच्या टेबलावरून जातो.

इथे जे घडलं ते सहदेवरावांनी पुढे कुणाला सांगितलं नाही; पट्टेवाला बाबली होता म्हणून ते सगळ्यांना कळलं. दुपारी जेवणानंतर डोळ्यांवर पेंग असताना सहदेवराव अर्जांचा गठ्ठा हातावेगळा करत होते. हात नेहमीसारखा चालत होता. दुसऱ्या दिवशी बाबलीने त्यांच्यापुढे त्यांचाच परत आलेला अर्ज ठेवला. त्यावर शेरा होता: "पाहुण्यांच्या येण्याचे प्रयोजन अर्जदाराने स्पष्ट केलेले नाही. अर्ज अपुरा, सबब परत." सहदेवराव संतापले. कुठल्या गाढवाने हा शेरा मारला, म्हणून त्यांनी बाबलीला विचारलं. त्याने फक्त अक्षराकडे बोट केलं आणि अदबीने छताकडे पाहू लागला.

दुसऱ्या अर्जात प्रयोजन लिहिलं: नवस फेडणे. मामलेदारांनी चष्म्यावरून पाहिलं. "चिंदरकर, ब्राझीलहून माणूस तुमचा नवस फेडायला येतोय?"

"हो, साहेब."

"येऊ द्या," मामलेदार म्हणाले. फौजदारांनी मात्र एक अट घातली. मंडळी असेपर्यंत काशीराम शिपाई गडग्यावर बसून लक्ष ठेवील.

आता एकच गोष्ट उरली, आणि ती सहदेवरावांना सगळ्यांत अवघड वाटत होती. नवस फेडायचा तर आधी गाऱ्हाणं घालायला हवं. बोललं होतं ते पुरं करतो आहोत, मान्य करून घे, असं देवाला सांगणं आलं. गाऱ्हाणं घालणार गणपत. गणपतचा आवाज असा, की त्याने कट्ट्याला गाऱ्हाणं घातलं तर देव मालवणात ऐके. सहदेवरावांना लाज वाटली. शिकलेली, देशोदेशींची माणसं. त्यांच्यापुढे हे ओरडणं कसं दिसेल? त्यांनी गणपतला सांगितलं, की पाहुणे यायच्या आधी ये आणि मागीलदारी हळू आवाजात आटपून जा.

गणपतला ते लागलं. "देवाक मागीलदारान बोलवतंस? आणि हळू? तो काय चोर आसा?" मग राग गिळून त्याने विचारलं, की नऊ पाद्र्यांत पहिला मान कुणाचा? नारळ आधी कुणाच्या हातात द्यायचा? सहदेवराव म्हणाले, त्यांच्यात तसं काही नसतं. गणपत हसला. ज्याच्या गावचं देऊळ मानकऱ्यांच्या भांडणात कित्येक वर्षं कुलपात होतं, त्याला हे कसं पटावं? "मान खंय नसता रे," तो म्हणाला, आणि येतो म्हणून गेला.

शुक्रवार उजाडला. सत्यवतीबाई पहाटेच आंघोळ करून ओलेत्याने चुलीपाशी बसल्या होत्या. ओटीवर पाट मांडले, केळीची पानं टाकली, भोवती रांगोळीची रेघ. कृष्णाबाईंच्या आग्रहाखातर शाळेतून आणलेले दोन बाक समोरच्या खळ्यात, अंगणात, ऐनवेळची सोय म्हणून ठेवले होते. काशीराम शिपाई गडग्यावर बसून शेंगा खात लक्ष ठेवत होता. वाडीतली बायकामाणसं गडग्याबाहेर उभी होती, कारण आत बोलावलं नव्हतं आणि घरी राहवत नव्हतं. सगळं होतं, फक्त गणपत नव्हता. तो सकाळी शेजारच्या गावात कुणाच्या आजारी बैलासाठी गाऱ्हाणं घालायला गेला होता, आणि बैलाचं गाऱ्हाणं लांबलं होतं.

तेवढ्यात मोटार आली. घाट उतरून आलेली मंडळी जरा पिवळी पडली होती, पण चेहऱ्यांवर हसू होतं. पांढरे झगे, काळे कोट, एक लांब दाढी आणि तिच्यावर काळी टोपी: ते अच्चन. फादर आन्सेल्मो ठेंगणे, गोल, आणि आल्या आल्या त्यांनी काशीरामशी हात मिळवला. काशीरामने तो बराच वेळ सोडला नाही. पुढे रिपोर्टात काय लिहायचं याचा विचार तो करत असावा. पाय धुवायला पाणी दिलं. जर्मन पाद्री उंच, ते पाटावर बसले तेव्हा गुडघे कानांशी आले. इंग्लंडच्या म्हाताऱ्या पाद्र्यांना खाली बसवायला दोघांनी धरावं लागलं, आणि बसल्यावर ते इतक्या सभ्यपणे हसले की त्यांना किती दुखलं असेल ते सगळ्यांना कळलं. पण बसले. नऊच्या नऊ बसले. आवळे पाद्री टोकाला. एक पंगत झाली. सत्यवतीबाईंनी वाढलं, सोलकढीच्या वाट्या भरल्या, आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन हात जोडले.

कुणी हात लावीना.

सहदेवरावांना वाटलं, काटेचमचे. तेवढ्यात आवळे पाद्री त्यांच्या कानाशी वाकले. जेवणाआधी प्रार्थना म्हणायची असते, आणि ती कुणी म्हणायची हा प्रश्न होता. इंग्लंडचे पाद्री वयाने मोठे, तेव्हा त्यांनी म्हणावी असं सगळ्यांना वाटत होतं. पण दुसऱ्या पंथाच्या लोकांबरोबर प्रार्थनेत सामील व्हायचं नाही, अशी फादर आन्सेल्मोंना वरून सक्त ताकीद होती. अच्चनांची प्रार्थना उभ्याने, पूर्वेकडे तोंड करून, आणि ती थोडी लांब असते. अमेरिकन म्हणत होते की सगळ्यांनी हात धरून ज्याला जे सुचेल ते म्हणावं, आणि ते ऐकून जर्मन पाद्री पानाकडे बघू लागले होते.

"तिकडे परिषदेत काय करतात?" सहदेवरावांनी घाबरून विचारलं.

"तिकडे टेबलं वेगळी आहेत," आवळे पाद्री ओशाळून म्हणाले. "एका पंगतीला आज पहिल्यांदाच बसलो आहोत. काळजी करू नका, चिंदरकर. फादर जरा उठून बाहेर थांबतील, अच्चन खळ्यात जातील, पाच मिनिटांत सगळे परत येतील."

उठून! गणपत म्हणाला होता, मान कुठे नसतो. सहदेवरावांनी पाहिलं, फादर आन्सेल्मोंनी एक हात जमिनीला टेकला होता आणि एक गुडघा वर घेतला होता. वाढलेल्या पानावरून माणूस उठला की पंगत मोडली. त्यांच्या डोळ्यांपुढे तुळसा पाटी घेऊन पुढे निघून गेली, आणि पाटीतली इसवण शेपटी हलवून पुन्हा समुद्रात शिरली.

मग त्यांनी दाराकडे पाहिलं. सत्यवतीबाईंचे हात जोडलेले तसेच होते, पण चेहरा पांढराफटक पडला होता. त्या फादरांकडे पाहत नव्हत्या. त्या सहदेवरावांकडे पाहत होत्या, ठसका लागल्यावर पाहत तशाच. आणि दीड वर्षात पहिल्यांदा सहदेवरावांना कळलं, की ही भीती कशाची आहे. ती मासळीची गोष्टच नव्हती. त्या रात्री खाटेपाशी बसून या बाईने देवाकडून एक माणूस मागून आणला होता. बोललं ते पुरं झालं नाही, तर देव दिलेलं परत मागेल, असं तिला वाटत होतं. दीड वर्ष रोज वाटत होतं.

सहदेवराव फादरांना काहीतरी सांगायला पुढे झाले. पण इंग्रजी सगळं कचेरीचं. तोंडातून नुसतं "सर, सर" एवढंच निघालं.

आणि त्याच वेळी गडग्यापलीकडून तो आवाज आला.

"बा देवा रामेश्वरा म्हाराजाऽऽ!"

गणपत बैलाकडून थेट आला होता, धापा टाकत, हातात नारळ. पाहुणे आलेले दिसले, तेव्हा मागीलदाराचा करार मोडला असं त्याने मनाशी ठरवून टाकलं, आणि खळ्याच्या मधोमध उभं राहून सुरुवात केली. गडग्याबाहेरची सगळी वाडी सवयीने एका सुरात म्हणाली, "व्हय म्हाराजा."

फादर आन्सेल्मो एक गुडघा वर, तसेच थांबले. माणूस देवाशी बोलत असताना मधून चालत जाणं कुठल्याच पंथात बसत नसावं.

"ह्यो जो सहदेव तुझो लेकरू, तो तापान भुयेक लागललो, तेका तू उठयलस, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा."

"तेच्या बायलेन तुझ्याकडे शबुद टाकललो, तो आज तिना पुरो केल्यान, मान्य करून घे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा."

आवळे पाद्री हळू आवाजात इंग्रजीत सांगत होते. नऊ माना त्यांच्याकडे वळल्या होत्या. गणपतला त्याचं काही नव्हतं. एवढे श्रोते त्याला जन्मात मिळाले नव्हते, आणि त्याचा आवाज आता मालवणही ओलांडून गेला होता.

"हे जे साता समुद्रापलीकडसून इलले तुझे चाकर, जे दुसऱ्याच्या खाटयेकडे बसान रात काढतत, तेंच्या इस्पितळात जे कोण खाटयेर पडलले आसत, तेंका उठवन बसय, म्हाराजा! जे उठूचे नाय, तेंच्या उशाकडे तू स्वता बस, म्हाराजा!"

आवळे पाद्र्यांना हे सांगताना मधे थांबावं लागलं. मग त्यांनी ते सांगितलं. जर्मन पाद्र्यांनी डोळे मिटले होते. अच्चन पूर्वेला बघत होते. पाट मांडताना सत्यवतीबाईंनी पूर्वाभिमुखच मांडले होते, त्यासाठी उठायची मुळी गरजच नव्हती. गडगा "व्हय म्हाराजा" म्हणाला, आणि त्यात इंग्लंडच्या म्हाताऱ्या पाद्र्यांचा एक बारीक सूर मिसळला. मग अमेरिकनांचा. मग बाकीच्यांचे.

फादर आन्सेल्मो आवळे पाद्र्यांना काहीतरी बोलले. ते काय, हे आवळे पाद्र्यांनी नंतर सांगितलं. फादर म्हणाले, इतर पंथांच्या पाद्र्यांबरोबर प्रार्थना करू नको असं मला सांगितलं आहे. या गृहस्थांबद्दल मला कुणी काही सांगितलेलं नाही.

"आणि म्हाराजा, तेंच्या गाडयेक घाटात दगाफटको करू नको!" गणपतने शेवट केला. येताना ज्यांनी घाट पाहिला होता, त्यांनी हे भाषांतर झाल्याबरोबर मनापासून मान डोलावली.

"व्हय म्हाराजा," फादर आन्सेल्मो म्हणाले, आणि त्यांचा वर घेतलेला गुडघा खाली आला.

गणपतने नारळ फोडला. मान कुणाचा हा प्रश्न त्याने विचारलाच नाही. तो आपोआप आपलाच झाला, असं त्याने धरून चाललं होतं.

मग मंडळी जेवली. काय जेवली! जर्मन पाद्र्यांनी केळ्यांचे काप पुन्हा पुन्हा मागून घेतले. अच्चन म्हणाले, घर सोडल्यापासून खोबरेलाचा वास आज पहिल्यांदा आला, आणि दाढी पुसायच्या निमित्ताने त्यांनी डोळेही पुसले. इंग्लंडच्या पाद्र्यांवर सहदेवरावांनी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं होतं. त्यांनी साबुदाण्याची वाटी बोटाने पुसून घेतली, तेव्हा ते निर्धास्त झाले. पानावर कुणी काही टाकलं नाही. काशीराम शिपायालाही गडग्यावर पान नेऊन दिलं, आणि फौजदारांना दिलेल्या रिपोर्टात त्याने संशयास्पद काही आढळलं नसल्याचं कळवून, रताळी उत्तम होती असंही लिहिलं.

मोटार मालवणच्या दिशेने गेली. सहदेवराव ओटीच्या पायरीवर बसले आणि त्यांनी एक लांब श्वास सोडला. मग, घाई दिसू नये अशा बेताने त्यांनी विचारलं, "मगे, फिटलो मा?"

"फिटलो," आतून सत्यवतीबाई म्हणाल्या.

"म्हंजे आता..."

"आज एकादशी."

"आणि उद्या?"

"उद्या शनवार. मारुतीचो वार."

सहदेवरावांनी परवाचं विचारायला बराच वेळ घेतला. परवा त्रयोदशी, आणि त्रयोदशीला प्रदोष असतो, हे दीड वर्षात त्यांना चांगलं पाठ झालं होतं. त्यांनी नुसतं, "परवा?" म्हटलं आणि डोळे मिटून घेतले.

"परवा प्रदोष माझो," सत्यवतीबाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात कधी नव्हे ते हसू होतं. "तुमचो खंय आसा?"

रविवारी सकाळी तुळसा गडग्याशी आली, पाटीवरचा पाला सारायला तिने हात वर नेला, आणि दारात खुद्द सत्यवतीबाई ताट घेऊन उभ्या असलेल्या बघून पाटीच खाली उतरवली. घासाघीस झाली नाही. तुळसाने वाटाव्याचे दोन बांगडे न मागता वर टाकले.

स्वतः उपाशी राहून सत्यवतीबाईंनी मासळी केली. तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं, आणि तव्यावर इसवणीच्या तुकड्या. सहदेवराव पानावर बसले. दीड वर्षांनी पहिला घास तोंडात घातला आणि अधाशीपणाने जो व्हायचा तो प्रकार झाला. तिखट घशात जाऊन जोराचा ठसका लागला. डोळ्यांत पाणी आलं. खोकता खोकता त्यांनी सवयीने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

दारात कुणी आलं नाही. आत तव्यावर पुढची तुकडी चुरचुरली.

"पाणी पिया," सत्यवतीबाईंचा आवाज आला, मागे वळूनसुद्धा न बघता. "आणि सावकाश जेवा."

सहदेवराव पाणी प्यायले. मग आजूबाजूला कुणी ऐकत नाहीसं बघून ते हळूच, अगदी मागीलदारच्या आवाजात म्हणाले, "व्हय म्हाराजा."